गाडीचा अल्टरनेटर बोटीला बसतो; पण चालतो का?

बोटीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज बनवणारा भाग, गेला आणि नवा शोधायला निघालं, की एक कोडं समोर येतं. तेवढेच अँपिअर, तोच आकार, बोल्टची भोकंही जुळणारी. पण गाडीसाठी म्हणून विकला जाणारा भाग स्वस्त आणि बोटीसाठीचा बराच महाग. शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कोणता ते सांगता येऊ नये. साहजिकच संशय येतो, की हे नुसते नावाचे पैसे आहेत.

हा संशय अगदीच हवेतला नाही. पेट्रोलवर चालणारी कित्येक इनबोर्ड इंजिनं, म्हणजे बोटीच्या पोटात बसवलेली इंजिनं, मुळात गाडीच्याच घराण्यातली असतात. जनरल मोटर्सचा 5.7 लिटरचा व्ही-8 ब्लॉक पिकअप ट्रकमध्ये असायचा, आणि मर्क्रुझर व व्होल्वो पेंटाच्या बोटींच्या इंजिनांतही तोच असायचा. ब्लॉक चालतो, पिस्टन चालतो, मग अल्टरनेटर, स्टार्टर आणि डिस्ट्रिब्युटरनेच काय घोडं मारलंय?

घोडं मारलंय ते त्यांच्या पोटातल्या ठिणगीने. गाडीत ती निरुपद्रवी असते. बोटीत तिच्या आजूबाजूला काय साठलंय, यावर सगळं ठरतं.

पेट्रोलची वाफ जाते कुठे?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. गाडीच्या बॉनेटखाली नळी थोडी पाझरली तर वाफ खालून निघून रस्त्यावर पसरते, वाऱ्याने विरते. बोटीला खालून भोक नसतं, आणि नसलेलंच बरं! त्यामुळे वाफ उतरते ती थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी जिथे पाझरलेलं पाणी आणि तेल जमतं त्या खोलगट भागात. तिथून तिला बाहेर पडायला वाट नसते.

पेट्रोल पेटायला ऊन तापलेलं असावं लागत नाही. उणे 40 अंश सेल्सिअसलाही त्यातून पेट घेण्याजोगी वाफ निघते. हवेत तिचं प्रमाण साधारण 1.4 टक्क्यांवर गेलं की मिश्रण स्फोटक होतं. 7.6 टक्क्यांच्या पुढे गेलं की हवा कमी पडते आणि ते पेटत नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता हिशेब करू. 100 मिलिलिटर पेट्रोलची वाफ झाली तर ती सुमारे 20 लिटर होते. 1.4 टक्क्यांच्या हिशेबाने एवढी वाफ एक घनमीटरहून जास्त हवा स्फोटक करायला पुरते. छोट्या बोटीची इंजिनाची खोली साधारण तेवढीच असते. म्हणजे पेलाभरही नको, अर्धा पेला पेट्रोल सांडलं तरी भागलं. आणि पेटवायला लागणारी ऊर्जा? एका मिलिज्यूलचा जेमतेम पाव भाग. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटकन उडणारी ठिणगीसुद्धा याहून दांडगी असू शकते.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. बटण खराब असतं म्हणून नव्हे. चांगल्या बटणातही ठिणगी उडतेच. बोटीच्या इंजिनखोलीत असं 'बटण' कुणी दाबायची गरज नसते. किल्ली फिरवली की स्टार्टर, सोलेनॉइड, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर सगळे मिळून ते दाबत राहतात.

ठिणग्या किती आणि कुठे

स्टार्टरच्या आत कार्बनचे ब्रश तांब्याच्या फिरत्या कम्युटेटरवर घासतात. त्यातून शेकडो अँपिअर वाहतात, त्यामुळे ठिणग्यांची रांगच लागते. त्याच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडमध्ये दोन जाड संपर्क आपटून जुळतात, सुटताना त्यांच्यात चाप उमटतो. अल्टरनेटरचे ब्रश गुळगुळीत कड्यांवर घासतात. तिथे ठिणगी लहान असते, पण ब्रश झिजले की वाढते.

सगळ्यांचा राजा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग. त्याचं कामच ठिणगी उडवण्याचं. हजारो व्होल्टचा दाब रोटरच्या टोकावरून झाकणातल्या टोकांवर उडी मारतो. आठ सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर चाललं, तर या उड्या मिनिटाला 12,000 होतात. 'माझ्याकडे पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करणारे जुने संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलंय' असं काही जण सांगतात. पॉइंटची ठिणगी गेली हे खरं. पण डिस्ट्रिब्युटर शिल्लक असेल तर झाकणाखालची उडी आहे तिथेच आहे.

ठिणगी राहू द्या, ज्वाळा बाहेर पडू देऊ नका

इथे बहुतेकांची समजूत चुकते. बोटीचा भाग म्हणजे ठिणगी न उडवणारा भाग, असं वाटतं. किंवा हवा आत जाऊच न देणारा. काही भाग खरोखर तसे असतात: काही रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, पूर्ण सीलबंद असतात, काही मोटरींना ब्रशच नसतात. पण अल्टरनेटरला थंड राहायला वारा लागतो. त्याला बंद करून ठेवला तर तो स्वतःच्याच उष्णतेने जळेल.

मग उपाय असा, की वाफ आत जाऊ द्यायची. आत भडका उडाला तर उडू द्यायचा. फक्त त्या भडक्याची ज्वाळा बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू द्यायची नाही. याला म्हणतात इग्निशन प्रोटेक्शन. मराठीत ज्वलनरोधन म्हणू, आणि या लेखापुरती हीच एक संज्ञा वापरू.

यामागची कल्पना 200 वर्षांहून जुनी आहे. 1815 मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी कोळशाच्या खाणींसाठी दिवा तयार केला. त्यात ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी होती. खाणीतला ज्वलनशील वायू जाळीतून आत जाऊन पेटायचा, पण ज्वाळा उलट बाहेर यायची नाही. कारण जाळीचा धातू तिची उष्णता शोषून घेतो आणि बाहेर पडणारा वायू पेट घेण्याइतका गरम उरत नाही. अरुंद फटीही हेच काम करतात. प्रयोगशाळेत 25 मिलिमीटर लांबीच्या धातूच्या वाटेत प्रोपेनची ज्वाळा अडवायची असेल, तर फट 0.92 मिलिमीटरपेक्षा रुंद असून चालत नाही. म्हणजे मिलिमीटरभरही नाही.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर बोटीचा अल्टरनेटर हातात घ्या आणि त्याच्या मागच्या झरोक्यांतून उजेडाकडे बघा. गाडीच्या अल्टरनेटरमध्ये झरोक्यातून आतली तांब्याची वेटोळी सरळ दिसतात. बोटीच्या अल्टरनेटरला ब्रशच्या भागावर बारीक जाळी लावलेली असते, किंवा तो भाग वेगळ्या झाकणाने बंद असतो. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी हवेसाठी छोटी भोकं असतात, त्यांत जाळीच्या टिकल्या बसवलेल्या असतात. स्टार्टरच्या टोकाच्या झाकणांचे सांधे घट्ट बसतील असे केलेले असतात, सोलेनॉइडची टोकंही बंदिस्त असतात. जास्तीचे पैसे या जाळ्यांचे आणि सांध्यांचे, आणि त्यांची चाचणी झालेली असते तिचे.

ती चाचणी कशी असते? अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमानुसार भागाभोवती 4.25 ते 5.25 टक्के प्रोपेन असलेली हवा ठेवतात, आणि भाग त्याच्या ठरलेल्या व्होल्टेजवर व भारावर चालवतात. बाहेरचं मिश्रण पेटता कामा नये. प्रमाण मुद्दाम असं निवडलेलं आहे, की प्रोपेन तिथे सहज पेट घेतो. पळवाट उरत नाही.

'पण माझा भाग वॉटरप्रूफ आहे'

पाण्यापासून बचाव आणि ज्वलनरोधन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आयपी-67 म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी बिघडत नाही. या चाचणीत वायूचा प्रश्न कुठेच येत नाही. रबराचं सील लावलेला स्विच तापतो, थंड होतो, आणि प्रत्येक वेळी थोडी हवा आत-बाहेर करतो. महिनोन्‌महिने हे चाललं की वाफ आत पोचते. मग आत भडका उडाला तर सील तो रोखेलच, असं कुणी तपासलेलं नसतं.

गंमत म्हणजे उलटही खरं आहे. ज्वलनरोधक अल्टरनेटरला झरोके असतात, त्यामुळे त्याच्यावर पाणी ओतलं तर ते आत जाणारच. एका गुणावरून दुसरा गृहीत धरू नका.

'ब्लोअर लावतो की मी!'

लावायलाच हवा. इंजिनखोलीतली हवा बाहेर फेकणारा हा पंखा इंजिन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं चालवायचा. अमेरिकेत 31 जुलै 1980 नंतर बांधलेल्या, बंदिस्त जागेत पेट्रोल इंजिन असलेल्या बोटींना तो सक्तीचा आहे. पण ब्लोअर साफ करतो ती आधी साठलेली वाफ. इंजिन चालू असताना नळीची क्लिप निसटली तर पेट्रोल पंपाच्या दाबाने उडतं, आणि त्याच क्षणी अल्टरनेटर शेजारी फिरत असतो. शिवाय ब्लोअर हीसुद्धा एक मोटरच आहे. स्वस्तातला, ज्वलनरोधक नसलेला पंखा लावला, तर वाफ काढायला नेमलेल्या माणसाच्या हातात काडेपेटी दिल्यासारखं होईल.

'वर्षानुवर्षं गाडीचाच लावतोय, काही झालं नाही'

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि सर्वांत प्रामाणिकही तोच असतो. काही झालं नाही हे खरंच असतं. आता ते दोन आकडे आठवा: 1.4 आणि 7.6. वाफ त्याहून कमी असेल तर काही होत नाही. फार जास्त असेल तरी, निदान तेवढ्या जागेत, काही होत नाही. भाग सदोष असून गळती नसेल तर काही होत नाही, आणि गळती असून भाग चांगला असेल तरी नाही. अपघात व्हायला गळती, योग्य प्रमाण आणि ठिणगी एकत्र यावी लागतात. त्यांपैकी गळती कधी होईल ते आपल्या हातात नसतं. गाडीचा भाग बसवला की ठिणगी मात्र आपण कायमची हजर ठेवतो. उरलेल्या दोघींनी कधी यायचं, एवढंच मग बाकी राहतं.

माझं मत विचाराल, तर बोटीत काटकसर करायला दुसऱ्या शंभर जागा आहेत.

डिझेलवाल्यांनी इथून पुढे वाचायचं का?

डिझेलची गोष्ट खरोखर वेगळी आहे. नेहमीच्या तापमानाला त्यातून पेट घेण्याएवढी वाफ निघत नाही. त्यासाठी ते साधारण 50-60 अंशांपर्यंत तापावं लागतं. म्हणून नुसतं डिझेल असलेल्या खोलीत ज्वलनरोधक भागांची सक्ती नसते. पण त्याच खोलीत पेट्रोलवरचा जनरेटर, पेट्रोलचा सुटा डबा किंवा एलपीजीची टाकी आली की डिझेलची सवलत संपली. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागे उघड्यावर लटकतं, त्यामुळे त्याची वाफ बोटीत साठत नाही. मात्र त्याची टाकी झाकणाच्या कप्प्यात ठेवून शेजारीच बॅटरीचा स्विच बसवला असेल, तर तो कप्पा इंजिनखोलीसारखाच धरायचा.

बॅटरी हा वेगळाच विषय आहे. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो हलका, म्हणून वर जातो, आणि फार अरुंद फटीतूनही पेट पुढे नेतो. मघाच्या 0.92 मिलिमीटरच्या जागी त्याला 0.29 लागतात. म्हणजे प्रोपेनवर पास झालेला भाग हायड्रोजनला पुरेल असं समजू नये. बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूने हवा जायला वाट ठेवा आणि ठिणगीची उपकरणं तिच्या डोक्यावर बसवू नका.

'मरीन' छापलंय, बस का?

नाही. 'मरीन', 'मरीन ग्रेड', 'मरीन क्वालिटी' असं कुणीही कशावरही छापू शकतं. त्यातून कधी गंज न लागणारा रंग सूचित होतो, कधी नुसती जाहिरात. शोधायची ती ठरावीक खूण: एसएई जे-1171, आयएसओ 8846 किंवा यूएल 1500, किंवा स्पष्ट 'इग्निशन प्रोटेक्टेड'. युरोपीय संघात 2013 च्या 53 क्रमांकाच्या निर्देशानुसार, पेट्रोलच्या इनबोर्ड व स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पण पाणी ढकलणारा भाग बोटीच्या मागे बाहेर) इंजिनांसाठी आणि पेट्रोल टाकीच्या जागांसाठी विकल्या जाणाऱ्या ज्वलनरोधक उपकरणांवर सीई खूणही लागते. खूण खोक्यावर नव्हे, भागावर असावी. खोकं काय, बदलताही येतं.

दुरुस्त करून विकलेल्या भागांबाबत दुप्पट सावध राहा. वरचं कवच बोटीचंच असतं, त्यावर खूणही असते. पण आतलं मागचं झाकण, ब्रशची पेटी किंवा सोलेनॉइड गाडीचं बसवलेलं असू शकतं. उघडताना फाटलेली जाळी कुणी नव्याने बसवलीच असेल असं नाही. डिस्ट्रिब्युटरच्या त्या टिकल्या तर साफसफाईत सहज गळून पडतात, आणि त्या गेल्या तरी इंजिन मस्त चालतं. म्हणूनच लक्षात येत नाही. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: दुरुस्तीनंतरही हा भाग ज्वलनरोधक आहे, असं लिहून देता का? उत्तर देताना तो घुटमळला तर भाग परत ठेवा. घरच्या घरीही पथ्य पाळायचं. जाळी तुंबली तर मऊ ब्रशने झाडा. वारा जास्त यावा म्हणून काढू नका, तिच्यावर रंगही मारू नका.

जाता जाता, विजेचा नसलेला एक भाग. कार्ब्युरेटरच्या तोंडावरचा धातूचा फ्लेम अरेस्टर डेव्हीच्याच तत्त्वावर चालतो. इंजिनाने मागे भडका मारला तर तो अडवतो. अमेरिकेत 25 एप्रिल 1940 नंतर बसवलेल्या पेट्रोल इंजिनांना, आउटबोर्ड सोडून, अशी सोय सक्तीची आहे. तो काढून गाडीचा कागदी एअर फिल्टर लावणारे महाभाग असतात, म्हणून सांगितलं.

खूण बरोबर, तरी भाग चुकीचा

ज्वलनरोधन जुळलं की काम संपलं असं नाही. दोन इंजिनांच्या जुन्या बोटींत कधी कधी एक इंजिन उलट फिरणारं असतं. त्याला सरळ फिरणारा स्टार्टर लावून चालत नाही. अल्टरनेटर कुठल्याही दिशेने वीज देईल, पण त्याच्या पंख्याची पाती एकाच दिशेसाठी वळवलेली असतात. उलट फिरवला तर तो नीट थंड होत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत बहुधा असा अल्टरनेटर लागतो ज्याचं ऋण टोक त्याच्या कवचाला जोडलेलं नसतं. नाहीतर भटका प्रवाह बोटीच्या धातूलाच खाऊ लागतो. जुन्या भागावरचा क्रमांक जुळवणं हा यावरचा सोपा उपाय.

बॅटरी बदलून लिथियमची लावली असेल तर अल्टरनेटरचाही विचार करा. जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की प्रवाह आपसूक कमी घेते. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढा ओढत राहते. इंजिन मंद चालत असताना पंखाही मंद असतो, आणि अल्टरनेटर भाजून निघतो. त्यातच बॅटरीच्या आतल्या संरक्षक यंत्रणेने अचानक जोडणी तोडली, तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. (इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला तरी हेच होतं, बॅटरी कुठलीही असो.) तापमान पाहून भार कमी करणारा बाहेरचा रेग्युलेटर, किंवा इंजिनाची बॅटरी आणि लिथियमची बॅटरी यांच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर, हे त्यावरचे नेहमीचे उपाय.

मग वायरी. गाडीची वायर एसएई मापाची असेल तर त्याच क्रमांकाच्या बोटीच्या वायरीपेक्षा तिच्यात तांबं साधारण 6 ते 12 टक्के कमी असतं. क्रमांक जुळला, तांबं नाही जुळलं. बोटीसाठी अनेक बारीक तारांची, शक्यतो कथील चढवलेली वायर घ्या. एकाच जाड तारेची वायर हादऱ्यांनी तुटते, आणि तुटताना ठिणगी देते. ब्लोअरच्या वायरीत व्होल्टेजची घट 3 टक्क्यांच्या आत ठेवायची असा अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचा दंडक आहे. 12 व्होल्टला ती 0.36 व्होल्ट होते. बारीक वायरीवरचा ब्लोअर फिरताना दिसतो, आवाजही करतो, पण हवा हलवत नाही.

आणि ज्यांच्याकडे कुणी भाग म्हणून बघतच नाही अशा वस्तू: रिले, सर्किट ब्रेकर, फ्लोट स्विच, चार्जर, इन्व्हर्टर, गाण्यांचा अ‍ॅम्प्लिफायर. पेट्रोलच्या खोलीत असतील तर त्यांनाही तीच खूण हवी. नसेल तर त्या बदलण्याआधी जागा बदलता येते का ते पाहा. बऱ्याचदा रिले आडभिंतीच्या पलीकडे, पेट्रोलशी संबंध नसलेल्या कप्प्यात नेला की प्रश्न सुटतो. आडभिंतीतून वायर जिथून जाते ते भोक मात्र बुजवायला विसरू नका. वाफेला तेवढी वाट पुरते.